काच वाढली

कॉलेजला असल्यापासून मी पत्रकं लिहीत आलेय. रेशनवर, बंद केलेल्या एसटीवर, दवाखान्यात नसलेल्या डॉक्टरवर. एक कागद, मधे घडी, चार पानं. कर्जत स्टेशनबाहेर झेरॉक्स काढायच्या आणि जिन्याखाली उभं राहून वाटायच्या. संघटनेतल्या ताईनं मला पहिला धडा दिला तो हा: माणूस जिना चढता चढता वाचतो, तेव्हा कोणी काय केलं ते आधी सांग, रडगाणं नंतर.

तर सांगते. आमच्याच गावातून निघून प्रकाशाचा शास्त्रज्ञ झालेल्या आणि पुढं कंपनी काढलेल्या एका माणसानं, वर्षानुवर्षं स्वतःच्या तोंडात असलेला एक शब्द आपल्याला कळत नाही, असं सहीनिशी लिहून दिलं. त्या शब्दापायी आमच्या विहिरीची केस गेली.

हा माणूस किती मोठा आहे हे सांगणारं पहिलं पत्रक मीच लिहिलं होतं. ते मी मागे घेतेय. वाटलेला कागद परत गोळा करता येत नाही, म्हणून हे लिहावं लागतंय.

त्याला मी सर म्हणायचे. सगळं गाव म्हणायचं. जुन्या दिवसांबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप अहो-जाहो लिहितो. लिहू दे. जिथं ती सवय सुटायची तिथं सुटेल.

आमचं गाव कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे. इतकं शिवेवर की तक्रार घेऊन गेलं की कर्जतवाले खालापूरला पाठवतात आणि खालापूरवाले कर्जतला. गावाला ओढा आहे, ओढ्याच्या काठाला विहीर आहे, आणि ओढ्याचंच पाणी दगडांच्या फटींतून विहिरीत येतं. पावसाळ्यात दोन्ही लाल. भात कापून झालं की ओढा नितळायला लागतो. दिवाळीनंतर एखाद्या सकाळी विहिरीत वाकून बघितलं की पाण्याखालची शेवटची पायरी दिसते. "पायरी दिसली गं," असं कोणीतरी ओरडतं आणि त्या दिवसापासून बाया हंड्यावर फडकं बांधायचं सोडतात. आमच्याकडं चांगलं पाणी म्हणजे पायरी दिसणारं पाणी. एवढं लक्षात ठेवा, कारण सगळं भांडण त्या पायरीचं आहे.

सर याच गावातले. त्यांच्या घरी भातशेती, बाप निरक्षर. लहानपणी पत्र्याच्या तुकड्याला खिळ्यानं भोक पाडून त्यात पाण्याचा थेंब लटकवायचे आणि त्यातून मुंगी बघायचे. "मुंगी म्हशीएवढी दिसते," म्हणून सगळ्या वाडीला रांगेत उभं करायचे. शाळा कर्जतला, पुढचं शिक्षण मुंबईला, मग तिथल्याच एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी. तिथं ते लेसरचे आरसे बनवायचे. आरसा इतका गुळगुळीत लागायचा की त्यावरचा उंचवटा मोजायला प्रकाशाखेरीज दुसरं माप चालत नसे. हे सगळं मी पत्रकात लिहिलंय, आणि त्यातलं काही खोटं नाही. ती माझी अडचण आहे. तो माणूस खरंच हुशार आहे.

मी आठवीत होते तेव्हा ते नोकरी सोडून गावी आले. लोकांना वाटलं, काढून टाकलं. सर म्हणायचे, "तिथं आरसे बनवून कपाटात ठेवतात. मला लोकांच्या हातात काच द्यायचीय." बंद पडलेली भातगिरणी त्यांनी भाड्यानं घेतली. सगळे हसले. गिरणीच्या तुळयांवर बोटभर कोंडा साचलेला, आणि हा माणूस तिथं भिंगं बनवणार! ते म्हणाले, तुसात वाळूसारखा पदार्थ असतो, एक कण राहिला तरी काचेवर ओरखडा. मग भिंती धुतल्या. एकदा नाही, चार वेळा. धुणाऱ्यांत माझी आई होती.

धुऊन झाल्यावर सरांनी त्याच बायांना विचारलं, काच घासायचं काम शिकाल का? बायांना वाटलं भांडी. सरांचं म्हणणं असं की लावणी केलेल्या बाईच्या बोटांना माहीत असतं, किती दाबायचं आणि कुठं थांबायचं. हे वाक्य मी मथळ्यात वापरलं होतं.

काम असं असायचं. लोखंडी वाटीवर राळ थापलेली, तिच्यावर गुलाबी चिखलासारखी पूड, आणि त्या वाटीत भिंग फिरवत राहायचं. नंतर ते धुऊन, पुसून, एका पक्क्या मापाच्या काचेवर ठेवायचं आणि पिवळ्या दिव्याखाली धरायचं. काळ्या-पिवळ्या गोल रेघा दिसतात. एकात एक, एकात एक. सरांकडं त्यांना इंग्रजी नाव होतं. काकूनं पहिल्याच दिवशी त्या बघितल्या आणि म्हणाली, "बांगड्याच हायेत की."

काकू म्हणजे माझी चुलत चुलती, गिरणीतली सगळ्यांत मोठी बाई. सरांना तिनं चड्डी न घालता फिरताना बघितलेलं. सगळं गाव सर म्हणायला लागलं तरी ती रं सोडून बोलली नाही.

रेघांना बांगड्याच नाव पडलं. "किती बांगड्या?" "चार." "गोल हायेत?" "हायेत." रेघ गोल असली की काच चांगली. कुठं मोडलेली, वाकडी दिसली की त्या जागी काच बिघडलेली.

आईच्या हातून तिसऱ्या दिवशी भिंग निसटलं. फरशीवर पडलं.

"अगं आई गं, फुटली!"

"फुटली म्हनू नको गं," काकू बसल्या जागेवरून म्हणाली. "काच वाढली म्हन."

सर पलीकडच्या टेबलावरून उठून आले. "काय म्हणालीस काकू?"

"वाढली म्हनले. नाव काय वाईट घ्यायचं? तुजी आय काय बांगडी फुटली म्हनायची? नारळ काय फोडतोस तू? वाढवतोस ना? मुंबईला जाऊन इसरलास काय रं?"

सर हसले. भिंग अख्खं गेलं होतं, चार दिवसांचं काम, आणि ते हसत हसत फळ्याकडं गेले. खडूनं लिहिलं: आज काच वाढली, १. मग आईकडं वळून म्हणाले, "वहिनी, आजपासून आपल्याकडं काच फुटत नाही. वाढते. कोणी रडायचं नाही, कोणी तुकडे लपवायचे नाहीत. वाढली की फळ्यावर लिहायची, बस."

आई घरी येऊन हे सांगताना थांबली होती, ते मला आठवतंय. माझे वडील मी सहावीत असताना गेले. तेराव्याच्या आधी ओढ्यावर नेऊन बायांनी दगडावर तिच्या बांगड्या फोडल्या. त्यांनीही "वाढवल्या" असंच म्हटलं. तिच्यासाठी तो शब्द त्या दगडापाशीच राहिला होता. गिरणीत एका माणसानं तो फळ्यावर लिहिला, तिला कोणी ओरडलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात नवं भिंग दिलं. त्या माणसासाठी माझी आई विस्तवावरून चालली असती. हे मी अलंकारिक लिहीत नाही, ती खरंच तशी बाई आहे.

त्या शब्दाची पुढं एक गंमत झाली. कंपनीत एक इंजिनिअर आला. मराठी घरातलाच, पण जन्म आणि शिक्षण सगळं बाहेर. बायांनी चिठ्ठीवर लिहिलं, "बांगडी वाढली." म्हणजे रेघ मोडलीय. त्यानं वाचलं, बांगड्यांची संख्या वाढलीय. म्हणजे भिंगाची गोलाई चुकतेय. त्यानं मशीनची मापं बदलली आणि चांगल्या काचा दोन दिवस पुन्हा घासायला लावल्या. काकू म्हणाली, "ह्याला बांगडी घालून द्या, म्हंजे कळंल." सरांना कळलं तेव्हा ते खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसले. मग त्या पोराला समोर बसवून त्यांनी वाढणं म्हणजे काय ते समजावलं. कुंकू वाढतं, दिवा वाढवतात, नारळ वाढवतात, आणि आपल्याकडं काच वाढते. मी तिथं होते. कर्जतला शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि कंपनीचं माहितीपत्रक मला लिहायला सांगितलं होतं. ती गोष्ट मी जशीच्या तशी त्यात घातली. सरांनी वाचून एक शब्दही बदलला नाही. तेच पत्रक मी मागे घेतेय.

मग ओढ्यावर वाळू धुण्याचा कारखाना आला.

डोंगराच्या पायथ्याला दगडखाण होतीच. आता दगडाचा चुरा करून, धुऊन, वाळू म्हणून विकायला लागले. धुतलेलं राखाडी पाणी टाकीत साठवायचं, निवळायचं, मग सोडायचं, असा नियम. सोडायचे मनाला येईल तेव्हा. त्या वर्षी दिवाळी गेली, वालाच्या शेंगा आल्या, तरी विहिरीत पायरी दिसेना. पाणी ताकाच्या निवळीसारखं. फडकं बांधून गाळलं तरी खाली जाणारं. हंड्याच्या बुडाला राखाडी साय धरायला लागली. पोरांची पोटं बिघडली. तक्रार केली तर कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, ओढा आहे, गढूळ होतो. तुमच्या म्हशी डुंबतात त्याचं काय?

मी सरांकडं गेले. दुसरं कोणाकडं जाणार?

त्यांनी आठवड्यात डबी बनवली. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, आत बारीक दिवा, मधे काचेच्या नळीत पाणी, आणि बाजूला प्रकाश मोजणारा डोळा. आम्हाला गिरणीत बसवून त्यांनी दार लावलं आणि एक फट ठेवली. उन्हाचा पट्टा आत आला. "हा पट्टा का दिसतो?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच सांगितलं. "धुळीमुळं दिसतो. हवा स्वच्छ असती तर उजेड सरळ निघून गेला असता, बाजूनं बघणाऱ्याला दिसलाच नसता. पाण्याचं तसंच. डबी बाजूनं बघते. उजेड दिसला की समजायचं, पाण्यात काहीतरी आहे."

काकू म्हणाली, "म्हंजे चुगली करती."

"चुगलीच करते काकू. पण खोटी करत नाही."

रोज सकाळी दोन ठिकाणचं पाणी. एक कारखान्याच्या वरचं, एक विहिरीतलं. आई आणि काकूनं पाळी लावून घेतली. मोठी दोनशेपानी वही. तारीख, वेळ, वरचं, खालचं, सही. सरांनी स्वतः रकाने आखून दिले. नळ्या पातळ काचेच्या, थंडीत बोटं आखडली की निसटायच्या. त्या सकाळी मोजमाप व्हायचं नाही. रकान्यात काय लिहायचं? आईनं गिरणीतलंच लिहिलं: काच वाढली. नवी नळी आली की आधी उकळून गाळलेल्या पाण्यानं तपासायची आणि ते लिहायचं, हेही सरांनीच शिकवलं. ते आम्ही केलं. दोनदा विसरलो. आमचं चुकलं तेही लिहितेय, कारण समोरच्याचं लिहिणार आहे.

दोन हिवाळे वही चालली. वरचं पाणी नितळ, खालचं गढूळ. रविवारी कारखाना बंद असला की सोमवारी खालचं पाणीही सुधारायचं. वही इतकी बोलकी होती की मला पत्रकात विशेषणं घालावी लागली नाहीत.

त्याच दोन वर्षांत कंपनी बदलली. डबी सरांनी मोठी केली, तिला पोलादी अंग दिलं, आणि ती कारखान्यांच्या सांडपाण्याच्या तोंडाशी बसवायची, असं ठरलं. गिरणी सुटली. खालापूरला हमरस्त्याजवळ नवी इमारत झाली, बायांना न्यायला गाडी यायला लागली, आणि कंपनीत नवे भागीदार आले. त्यांतला एक वाळूच्या कारखान्याचा मालक.

हे मला माहीत होतं. नव्या इमारतीच्या पूजेला मी गेले होते, तो पहिल्या रांगेत बसला होता, आणि मी प्रसाद घेऊन बाहेर आले. संघटनेत विचारलं तेव्हा मी म्हटलं, चांगलंच आहे, सर आतून सांगतील. याला मी डावपेच म्हणत होते. मला घाबरायला झालं होतं, आणि आईची नोकरी तिथं होती.

सुनावणी खालापूरला लागली. विहीर खालापूरच्या हद्दीत येते हे सिद्ध करण्यातच एक उन्हाळा गेला होता. लांबट खोली, भिंतीला टेकवलेली कपाटं, आमच्या गावच्या अकरा बाया शेवटच्या दोन रांगांत. आई कंपनीतून रजा टाकून आलेली. कारखान्याचा वकील पुढं. आणि दुसऱ्या रांगेत, पांढऱ्या शर्टात, सर.

मला वाटलं आमच्यासाठी आलेत. मी हातसुद्धा वर केला. त्यांनी बघितलं नाही.

आमची वही सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर होती. साहेब म्हणाले, यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं मत मागवलं होतं, ते आलंय. वकिलानं ते वाचायला घेतलं. पहिला परिच्छेद यंत्र चांगलं आहे म्हणून. दुसरा मला पाठ आहे. "नोंदवहीत अनेक ठिकाणी 'काच वाढली' असा शेरा आढळतो. सदर शेऱ्याचा तांत्रिक अर्थ लागत नाही. नळीच्या काचेची जाडी वाढवली गेली असल्यास मोजमापे ग्राह्य धरता येणार नाहीत." खाली त्याची सही. तीच, जी आमच्या वहीच्या पहिल्या पानावर रकान्यांखाली होती.

हात इथं सुटला बघा. इथून पुढं तो.

आधी कोणाला कळलंच नाही. मग काकू उभी राहिली. "अवो साहेब, वाढली म्हंजे फुटली!"

साहेब माणूस वाईट नव्हता. साहेब म्हणाले, "आजी, बांगडी वाढते हे मलाही माहीत आहे. पण नळी वाढते असं मी कधी ऐकलं नाही. यंत्र बनवणारेच म्हणतात अर्थ लागत नाही, तर मी कोण अर्थ लावणारा?"

"मंग त्याला इचारा ना! त्यो काय तिथं बसलाय, धुतल्या तांदळासारखा!"

खोलीत हशा झाला. साहेबांनीही हसू दाबलं आणि त्याच्याकडं बघितलं. "सर, आपल्याला काही सांगायचंय?"

तो उभा राहिला. शर्टाच्या खिशातला पेन नीट केला. माझ्या शेजारी आईनं मान पुढं काढली होती. ती ऐकायला अगदी तयार होती. तिला अजून वाटत होतं की टाइप करणाऱ्याची काहीतरी चूक झालीय, आणि आता तिचे भाऊजी दोन वाक्यांत निस्तरतील. गिरणीत त्या इंजिनिअरला समजावलं होतं तसं.

"माझं म्हणणं पत्रात आलेलं आहे," तो म्हणाला आणि बसला.

मग मी माझं हत्यार काढलं. पिशवीत कंपनीचं जुनं माहितीपत्रक होतं, प्रदर्शनातलं. त्यात अख्खी गोष्ट होती. फळा, काकू, इंजिनिअर, काच वाढली म्हणजे काय, सगळं. मी ते साहेबांसमोर ठेवलं. बोट ठेवून वाचून दाखवलं. माझा आवाज चढला होता. वकील शांतपणे म्हणाला, "हे कोणी लिहिलंय?"

"कंपनीनं छापलंय."

"लिहिलं कोणी?"

खाली बारीक अक्षरात लेखन म्हणून माझंच नाव होतं. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

"मी."

"आणि तक्रारीचा अर्ज?"

"मी."

"म्हणजे तुमच्या शब्दाचा अर्थ तुम्हीच छापलात," वकील म्हणाला.

बाहेर वऱ्हांड्यात आम्ही त्याला गाठलं. मी आधी बोलणार होते, माझ्या डोक्यात सहा वाक्यं तयार होती. आईनं मला हातानं मागं सारलं.

"भाऊजी, एक इचारू?"

"वहिनी, इथं नको."

"काच वाढली म्हंजे काय वो?"

तो जिन्याकडं बघत राहिला. "वहिनी, माहीत असणं वेगळं आणि लिहून देणं वेगळं. तांत्रिक कागदात असे शब्द चालत नाहीत."

"फळ्यावर चालले."

"तो फळा होता."

मग तो माझ्याकडं वळला. माझ्याशी बोलणं त्याला सोपं वाटलं असणार. "पोरी, तू शिकलेली आहेस, जरा लांबचं बघ. तुमच्या डबीनं एक ओढा मोजला. मी आता किती कारखान्यांच्या तोंडाशी डोळा बसवणार आहे माहितीय? शेकडो ओढे वाचतील. त्यासाठी ह्या लोकांना बरोबर घ्यावं लागतं. एक ओढा..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. काकूनं केलं. "एक ओढा आपलाच व्हता रं. दुसऱ्याचा द्यायचास."

तो खाली उतरला. गाडीचं दार त्यानं स्वतःच उघडलं.

त्याच्या बोलण्यात तथ्य असेल. मी रागीट आहे, मूर्ख नाही. कदाचित त्या पोलादी डोळ्यांमुळं कुठल्या तरी दुसऱ्या गावात पायरी दिसत असेल. पण त्यानं त्या हिशोबासाठी माझ्या आईचा शब्द वापरला. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं की आज नळी गेली, आज मोजलं नाही, आज आमच्याकडं काही नाही. खोटंच करायचं असतं तर तिनं कालचाच आकडा खाली उतरवला असता, कोणाला कळलं असतं? जिथं आम्ही सगळ्यांत खरं लिहिलं, नेमकी तीच जागा त्यानं त्यांना दाखवली. कारण कुठं बोट ठेवायचं हे त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. वाळूवाल्याला सात जन्मांत ते सुचलं नसतं.

निकाल आला. वही ग्राह्य नाही. नव्यानं मोजमाप करावं, आणि तेही कारखान्याच्या तोंडाशी बसवलेल्या प्रमाणित यंत्रानं. यंत्र कोणाचं ते सांगत नाही. ते बसलं. ते कारखान्याच्या कुंपणाच्या आत आहे, त्याचा आकडा बाहेरून दिसत नाही, आणि विहिरीत पायरीही दिसत नाही.

आई कामावर जात राहिली. यावरून आमच्या घरात भांडणं झाली. मी म्हणायचे, सोड. ती म्हणायची, काच माझी हाय, त्याची नाय. मी तिला लाचार म्हटलं. हे मी बोललेय आणि तेही परत गोळा करता येत नाही.

पुढचं काकूनं सांगितलं. काकू गिरणी सुटल्यावर घरी बसली होती, पण गाडीतल्या बायांकडून तिला सगळं कळतं. निकालानंतर महिनाभरानं कंपनीत कोणी पाहुणे आले होते. तो त्यांना फिरवून दाखवत होता. बाया, पिवळा दिवा, बांगड्या. पाहुण्यांना बांगड्यांची गोष्ट फार आवडते म्हणे. आई चाचणीच्या टेबलावर होती. शेजारच्या पोरीच्या हातातून भिंग सुटलं आणि फरशीवर गेलं. सवयीनं सगळ्यांनी मान वळवली. फळ्याजवळची बाई खडू घ्यायला उठली.

आई उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "फुटली."

एकीनं हळूच म्हटलं, अगं, असं काय बोलतेस. आई त्याच्याकडं बघून पुन्हा म्हणाली, "काच फुटली, भाऊजी. आता अर्थ लागतो का?"

पाहुण्यांनी विचारलं म्हणे, ही बाई काय म्हणतेय. त्यानं सांगितलं, काही नाही, एक काच गेली.

आई घरी आली तेव्हा तिनं यातलं काही मला सांगितलं नाही. हातपाय धुतले आणि विचारलं, तुझ्याकडं कोरी वही आहे का?

जुनी डबी आमच्याकडंच आहे. ती चालते. आम्ही पुन्हा मोजायला लागलो, वरचं आणि खालचं, रोज सकाळी. ग्राह्य धरा अथवा नका धरू. चौथ्या दिवशी आईच्या बोटांतून नळी निसटली. ती तुकड्यांकडं बघत उकिडवी बसली होती. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. तिनं पेन मागितलं आणि रकान्यात, शाळेत गिरवतात तशा मोठ्या अक्षरात, तो शब्द लिहिला. फुटली. वडील गेले तेव्हासुद्धा जो तिनं तोंडातून काढला नव्हता तो.

मग वही माझ्याकडं फिरवून म्हणाली, "बघ गं. आता तरी कळंल ना त्यांना?"